अंडाशयातील गाठ : शस्त्रक्रियेचा निर्णय आणि पूर्वतयारी

सोनोग्राफीच्या अहवालात अंडाशयात गाठ असल्याचे कळले की बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. कर्करोगाच्या भीतीने घाईघाईने शस्त्रक्रिया ठरते, नाहीतर दुखणे वर्षभर अंगावर काढले जाते. या दोन्ही वाटा धोक्याच्या आहेत. म्हणून नाशिक धर्मप्रांतातील भगिनींसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी या विषयाची माहिती देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गाठ म्हणजे बहुतेक वेळा द्रवाने भरलेली पिशवी. पाळीच्या वयात बीज तयार होताना अशी लहान पिशवी निर्माण होतच असते. ती मोठी झाली तरी पुष्कळदा दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरते. म्हणून या वयात ५ सेंटिमीटरपेक्षा लहान, साध्या व त्रास न देणाऱ्या गाठीवर डॉक्टर सहसा शस्त्रक्रिया करीत नाहीत. गाठ मोठी असेल, वाढत असेल, तिच्यात घन भाग दिसत असेल किंवा ती पाळी कायमची थांबल्यानंतर आढळली असेल, तर अधिक तपास आवश्यक ठरतो. ‘सीए-१२५’ या रक्ततपासणीचा आकडा पोटाच्या क्षयरोगातही वाढतो. केवळ त्यावरून कर्करोगाचा निष्कर्ष काढू नये. मात्र एकाएकी असह्य पोटदुखी व उलट्या सुरू झाल्यास अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रिया सुचविली गेल्यास डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : केवळ गाठ काढणार की अंडाशयही? दुर्बिणीद्वारे की पोट उघडून? थांबल्यास काय होईल? एक निरोगी अंडाशय राहिले तरी पाळी व मातृत्व शक्य असते. दोन्ही काढल्यास पाळी तत्काळ थांबते आणि पुढे हाडेही ठिसूळ होऊ शकतात. शंका वाटल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात संकोच नसावा. २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे आढळले होते, हे आपण विसरू नये.

संमती ही त्या स्त्रीचीच असली पाहिजे. तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे, आणि जिवाला तातडीचा धोका नसताना नातलगाची सही पुरेशी नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिला आहे.

अंडाशय काढणे पाप ठरेल काय, असा प्रश्न काही भगिनींच्या मनात असतो. संत पोप पॉल सहावे यांनी १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिटे’ या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की, रोगनिवारणासाठी आवश्यक असलेला उपचार, त्यामुळे वंध्यत्व येण्याची शक्यता असली तरी, निषिद्ध नाही. मात्र वंध्यत्व हाच त्याचा हेतू नसावा.

शस्त्रक्रियेपूर्वी रक्त, साखर व हृदयाची तपासणी होते. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधाची अ‍ॅलर्जी आणि गरोदरपणाची शक्यता यांविषयी काहीही लपवू नये. उपाशी राहण्याबाबत भूलतज्ज्ञांची सूचना काटेकोरपणे पाळावी. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया व ते रुग्णालय बसते का, याची आधीच चौकशी करावी. काढलेल्या गाठीचा प्रयोगशाळेचा अहवाल मागून जपून ठेवावा.

घरच्यांनीही तयारी करावयाची असते. घरी परतल्यावर काही आठवडे पाण्याची घागर किंवा द्राक्षांची क्रेट तिने उचलता कामा नये. तेव्हा पाणी कोण भरील, स्वयंपाक कोण करील, हे आधीच ठरवावे.

गंभीर शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाभ्यंग संस्कार घेणे उचित आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. तो केवळ मरणासन्नांसाठी आहे, हा समज सोडून द्यावा आणि आपल्या धर्मगुरूंना वेळीच कळवावे.