मिंटेज म्हणजे किती पाडली. किती उरली ते नव्हे

नाण्यांच्या भागानंतर एकच प्रश्न येतोय: कॅनडाच्या नाण्याचं मिंटेज कमी, म्हणजे नाणं दुर्मिळ, बरोबर ना?

नाही हो. हे मी पैसे घालवून शिकलोय. घाटकोपरला घरच्या कपाटात कॅनडाचा एक चकचकीत डॉलर पडलाय, "मिंटेज कमी आहे" या एका वाक्यावर घेतलेला. पण तो डबीतच विकला गेला होता, बाजारात फिरलाच नाही. म्हणजे पाडले तेवढे जवळपास सगळे शाबूत! आता घेतल्या किमतीला कोणी विचारत नाही.

आता उलटं बघा. 1921 चं कॅनडाचं चांदीचं पाच सेंट. पाडली 25 लाखांवर. पण 1922 पासून निकेलचं मोठं नाणं आलं आणि 1921 चा बहुतेक साठा टांकसाळीतच वितळवला. आज काही शेच उरलीत असं मानतात. मिंटेजचा आकडा मात्र तोच. डेटाबेसवाल्यांनो, इन्सर्ट मोजलेत, डिलीटचा लॉगच नाही!

आपल्या मुंबई टांकसाळीचा 1939 चा रुपया तसाच. कॅटलॉगात 24 लाखांवर, पण हाताला लागणं महामुश्किल. महायुद्धात चांदी महागली, 1940 पासून रुपयातली चांदी 91.7 वरून 50 टक्क्यांवर आली, मग जुने रुपये चलनातून काढले. आजोबांच्या डब्यात 1939 दिसला तर नाचू नका, बनावट भरपूर आहेत. आधी जाणकाराला दाखवा.

दुसरा घोळ सालाचा. 1947 ला आपण स्वतंत्र झालो, त्यामुळे सहाव्या जॉर्जच्या नाण्यावरून "भारताचा सम्राट" हे शब्द काढायचे ठरले. लंडनहून नवे साचे यायला उशीर झाला, म्हणून कॅनडाने 1948 मध्येही 1947 चीच नाणी पाडली, फक्त सालाशेजारी मेपलचं छोटं पान टाकलं. असे डॉलर 21,135. साचे आल्यावर उरलेल्या थोड्या दिवसांत 1948 सालाचे पाडले, ते 18,780. आपल्या स्वातंत्र्यामुळे तिकडचा डॉलर दुर्मिळ, भारी ना?

त्यामुळे कॅटलॉगात 1947 च्या ओळी वेगवेगळ्या असतात. साध्या 1947 ला पानवाल्याचा आकडा लावून कोणी भाव सांगितला, तर आधी भिंग मागा.