तर्क माणसाचा, हिशेब यंत्राचा

नोव्हेंबर १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या दैनिकाकडे टपालाने एक कूटलेख आला. एका ओळीत १७ चिन्हं, अशा २० ओळी. एकूण ३४० चिन्हं. पाठवणारा होता स्वतःला ‘झोडियाक’ म्हणवणारा खुनी. त्याचा आधीचा ४०८ चिन्हांचा कूटलेख त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सलिनास इथले शाळाशिक्षक डोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या पत्नी बेट्टी यांनी घरी बसून, कागद-पेन्सिलीने सोडवला होता. बेट्टींचा तर्क सरळ होता. स्वतःवर एवढा खूश असलेला माणूस मजकुराची सुरुवात ‘मी’पासूनच करणार आणि ‘ठार मारणे’ हे क्रियापद त्यात येणारच. ३४० चिन्हांचा लेख मात्र पुढे ५१ वर्षं कुणालाच दाद देत नव्हता.

डिसेंबर २०२० मध्ये तो सुटला. सोडवणारे तिघंही हौशी: अमेरिकेतले डेव्हिड ओरँचक, ऑस्ट्रेलियातले सॅम ब्लेक आणि बेल्जियमचे यार्ल व्हान एके. तिघांच्या हाताशी व्हान एके यांनी स्वतः लिहिलेलं ‘एझेडडिक्रिप्ट’ हे सॉफ्टवेअर होतं. ‘संगणकाने कोडं सोडवलं’ असं आपण चटकन म्हणतो. या प्रकरणात ते अर्धसत्य आहे, आणि उरलेला अर्धा भाग समजून घेण्यासारखा आहे.

आधी कूटलेख सोडवण्याचा हा छंद काय आहे ते पाहू. अमेरिकन क्रिप्टोग्राम असोसिएशन ही हौशी मंडळींची संस्था अनेक दशकं चालू आहे. हेलन फूशे गेन्स या तिच्याच सदस्य. १९३९ साली आलेलं त्यांचं प्राथमिक कूटविश्लेषणाचं पुस्तक आजही नवशिक्यांच्या हाती दिलं जातं. संस्थेच्या कोड्यांत सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे ‘अ‍ॅरिस्टोक्रॅट’. यात प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरं ठरावीक अक्षर येतं आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागा तशाच राहतात. त्या जागा काढून पाच-पाच अक्षरांचे गट पाडले की तो ‘पॅट्रिस्टोक्रॅट’. इंग्रजीच्या २६ अक्षरांच्या अशा अदलाबदली ४ वर २६ शून्यं एवढ्या होतात. प्रत्येक किल्ली तपासून पाहायची म्हटली तर जन्म पुरणार नाही.

म्हणून सोडवणारा खुणा शोधतो. समजा, कोड्यात ‘क्यू-एक्स-एम-क्यू’ असा चार अक्षरी शब्द आहे. पहिलं आणि शेवटचं अक्षर एकच. इंग्रजीत या साच्यात ‘दॅट’, ‘हाय’, ‘डेड’, ‘एल्स’ असे मोजकेच शब्द बसतात. त्यात शेजारी ‘क्यू-एक्स-झेड’ असा तीन अक्षरी शब्द वारंवार येत असेल, तर तो ‘द’ असण्याचा संभव मोठा. मग ‘दॅट’वरचा विश्वास वाढतो. क्यू म्हणजे टी, एक्स म्हणजे एच, झेड म्हणजे ई, एम म्हणजे ए. ‘एम’ कुठे ‘ए’ या एकअक्षरी शब्दासारखा एकटाच उभा असेल तर आपण वाटेवर आहोत.

कागदावर हीच चार अक्षरं शंभर ठिकाणी भरायची आणि तर्क फसला की शंभर ठिकाणची खोडायची. तिसऱ्या खाडाखोडीनंतर कागद वाचता येत नाही, आणि अनेक नवे लोक तिथेच हात टेकतात. हौशी लोकांसाठीची चांगली सॉफ्टवेअर नेमकं हे ओझं उचलतात. एका जागी अक्षर टंकलं की सगळीकडे उमटतं, काढलं की सगळीकडून जातं. कोणतं अक्षर किती वेळा आलं याचा तक्ता बाजूला असतो. एकच अक्षर दोन चिन्हांना दिलं तर इशारा मिळतो, साचा दिला की त्यात बसणारे शब्द समोर येतात. निर्णय मात्र सोडवणाऱ्याचाच.

दुसऱ्या जातीची सॉफ्टवेअर स्वतःच सोडवतात. कोणतीही एक किल्ली घ्यायची, तिने निघालेला मजकूर कितपत इंग्रजीसारखा दिसतो त्याला गुण द्यायचे, दोन अक्षरांची अदलाबदल करायची, गुण वाढले तर ती ठेवायची. धुक्यात फक्त पायाखालचा चढ तपासत डोंगर चढावा तशी ही रीत. साधं कोडं त्यापुढे काही सेकंदच टिकतं.

झोडियाकच्या लेखापुढे ही रीतही एकटी हरली होती, कारण त्याने चिन्हं बदलून शिवाय त्यांचा क्रमही मोडला होता. ब्लेक यांनी वाचनाचे सुमारे साडेसहा लाख संभाव्य क्रम तयार केले आणि ते सॉफ्टवेअरमधून काढले. बहुतेकांतून निव्वळ कचरा निघाला. एकात मात्र ‘मला पकडण्याचा प्रयत्न’ आणि ‘गॅस चेंबर’ अशा अर्थाचे तुकडे चमकले. ओरँचक यांनी ते तुकडे पक्के धरले आणि उरलेलं पुन्हा यंत्राला सोडवायला लावलं. मग टीव्हीवरच्या कार्यक्रमात बोललेला माणूस मी नव्हे, असं सांगणारा मजकूर निघाला. ऑक्टोबर १९६९ मध्ये स्वतःला झोडियाक म्हणवणाऱ्या एकाने खरोखरच अशा कार्यक्रमात फोन करून गॅस चेंबरचा विषय काढला होता. हा धागा यंत्राला कुठून ठाऊक असणार? मधल्या भागात खुन्याकडूनच चिन्हं मांडताना चूक झाली होती. तीही माणसांनीच हेरली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झालेलं संशोधन याच वाटेने गेलं. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातले काही कूटलेख यादीत इटालियन प्रकरणांशी जोडलेले होते. जॉर्ज लास्री, नॉर्बर्ट बीरमन आणि सातोशी तोमोकियो यांनी ते उलगडले. यांच्यातले बीरमन संगीताचे प्राध्यापक. संगणकाने पहिली अर्धीमुर्धी किल्ली दिली आणि भाषा फ्रेंच निघाली. पुढे स्त्रीलिंगी रूपं, ‘माझा मुलगा’, कैदेचे उल्लेख आणि इंग्लंडचा हेरप्रमुख ‘वॉल्सिंगहॅम’ याचं नाव दिसलं, तेव्हा लिहिणारी कोण ते उमगलं: इंग्लंडमध्ये बंदिवासात असलेली स्कॉटलंडची राणी मेरी. १५७८ ते १५८४ या काळातली तिची ५७ पत्रं हाती आली. त्यासाठी चिन्हन् चिन्ह डोळ्यांनी ओळखून नोंदवावं लागलं होतं.

मराठी कोडी सोडवायला असं सॉफ्टवेअर करायचं तर इंग्रजीची नक्कल पुरणार नाही. ‘क्षि’ संगणकाच्या लेखी चार तुकड्यांचा असतो: क, हलन्त, ष आणि वेलांटी. हे तुकडे सरसकट फिरवले तर शब्दाची सुरुवात काना-मात्रेने होईल. अख्खी जोडाक्षरं एकक धरली तर त्यांची संख्या इतकी वाढते की छोट्या मजकुरात पुरेशी पुनरावृत्ती सापडत नाही. व्यंजनं व्यंजनांत आणि स्वरचिन्हं स्वरचिन्हांत बदलावीत, हा मला त्यातला व्यवहार्य मार्ग वाटतो. मग आपल्या भाषेच्या खुणा कामी येतील. इंग्रजी सोडवणारा ‘द’ शोधतो, आपण पूर्णविरामाआधी ‘आहे’ शोधू. एकच अक्षर काना देऊन दोनदा आलं तर काका, मामा, दादा, बाबा यांपैकी कुणीतरी हाकेच्या अंतरावर असेल.

असं साधन जो कुणी बनवेल त्याला एकच सांगणं आहे: त्यात ‘सोडवून दाखवा’ हे बटण सर्वांत शेवटी ठेवा. मोजणं, भरणं, खोडणं यंत्राला खुशाल द्या. आठवी-नववीतल्या मुलीला ‘हा शब्द काका असेल का?’ हा प्रश्न मात्र स्वतःहून पडू द्या, कारण भाषेकडे इतकं बारकाईने पाहायची सवय तिला त्याच प्रश्नातून लागणार आहे.