देशाच्या पोटात शिरलेला देश

आधी ॲटलास काढा बघू! आफ्रिकेचं पान उघडा. पश्चिमेला, समुद्राला लागून सेनेगल दिसतोय? त्याच्या पोटात एक सुरवंट वळवळत शिरलाय ना? तो आहे गांबिया, एक वेगळाच देश! लांबी ३०० किलोमीटरहून जास्त, रुंदी मात्र जेमतेम ५०, तीही जिथे सर्वांत जास्त आहे तिथे.

हा आकार आला कुठून? गांबिया नदीवर इंग्रजांचा व्यापार चाले आणि आजूबाजूला फ्रेंचांची सत्ता. १८८९ साली दोघांनी करार केला. समुद्राकडे सरळ रेघा ओढल्या आणि आत गेल्यावर नदीच्या दोन्ही काठांपासून साधारण १० किलोमीटरवर हद्द धरली. नदी वळली की हद्दही वळली! तिथे राहणाऱ्या माणसांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

आता गंमत बघा. गांबिया चिंचोळा असूनही एकसंध राहिला, कारण सगळा देश एका नदीच्या काठाने वसलाय. पंचाईत झाली ती शेजारच्या सेनेगलची! त्याचा दक्षिणेकडचा कासामान्स हा हिरवागार भाग राजधानी डाकारपासून जवळजवळ तुटला. तिथे भात पिकतो, आंबे आणि काजू होतात. पण हा माल ट्रकने सरळ डाकारला न्यायचा, तर मध्ये परका देश. दोनदा सीमा ओलांडायची आणि पूर्वी तर वर नदीकाठी फेरीबोटीसाठी रांगेत उभं राहावं लागायचं. कधी तासन्‌तास, कधी चक्क काही दिवस! आंबे किती टिकणार, सांगा?

कासामान्समधले बरेच लोक जोला भाषा बोलतात. उत्तरेत वोलोफ जास्त चालते. राजधानीला आपली आठवण नाही, आपल्या जमिनी बाहेरचे घेतात, असं त्यांना वाटू लागलं. १९८२ मध्ये वेगळ्या देशाची मागणी पेटली आणि पुढे कित्येक वर्षं तिथे बंदुका चालल्या.

मग आकार वेडावाकडा असला की देश फुटतोच का? मुळीच नाही! चिली तर ४,००० किलोमीटरहून लांब आहे, तरी एकत्र आहे. अंतरापेक्षा तुटलेपणा जास्त बोचतो, असं मला वाटतं. म्हणूनच २०१९ मध्ये गांबिया नदीवर फाराफेन्नीजवळ पूल सुरू झाला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. तिथे ट्रकना आता फेरीबोटीची वाट पाहावी लागत नाही.

आता तुमची पाळी. नकाशात अंगोला शोधा. त्याचा काबिंडा नावाचा तुकडा बाकीच्या देशापासून कुणामुळे वेगळा पडलाय, ते आम्हाला लिहून कळवा!