नॉडी बोलायचा हिंदी, आम्ही वऱ्हाडी

लाल शर्ट, निळी टोकदार टोपी, टोपीच्या टोकाला घुंगरू आणि लाल-पिवळी छोटीशी गाडी. नाव सांगायची गरज आहे? नॉडीच! तुम्ही आत्ता कॉलेजात असाल तर मागोमाग निळा ऑक्टोपस ऑस्वाल्ड आठवला असेल, पिवळं हेल्मेट घातलेला बॉब द बिल्डर आठवला असेल आणि चेहरा असलेलं ते निळं इंजिन, थॉमस. होस्टेलवर रात्री कुणीतरी यातल्या एकाचं नाव काढायचा अवकाश, दुसऱ्या दिवशीची सबमिशन्स राहतात बाजूला.

ही मंडळी कुठली, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. टीव्हीतली, एवढं पुरेसं होतं. खरं तर बहुतेक सगळे ब्रिटिश. नॉडी एनिड ब्लायटनच्या पुस्तकातून आला, १९४९ साली. थॉमसच्या मालिकेची सुरुवात त्याहून आधीची. ऑड्री नावाच्या पाद्रींचा मुलगा गोवर येऊन अंथरुणात पडला होता, त्याचं मन रमावं म्हणून त्यांनी इंजिनांच्या गोष्टी रचल्या. पहिलं पुस्तक १९४५ चं, टीव्हीवरची मालिका १९८४ ची. बॉब बीबीसीचा. ऑस्वाल्ड तेवढा अर्धा अमेरिकन. आणि हे सगळे आमच्यापर्यंत पोचले पोगोमुळे. हे चॅनेल भारतात १ जानेवारी २००४ ला सुरू झालं, म्हणजे आमची बॅच आणि पोगो जवळजवळ एका वयाचे.

आमच्यापर्यंत म्हणजे सोनाळ्यापर्यंत. बुलडाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावात केबल होती, पण लाइन असेल तर. ज्यांनी ग्रामीण भागातलं लोडशेडिंग पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. शाळेतून धावत यायचं, दप्तर फेकायचं, टीव्ही लावायचा आणि थॉमस बोगद्यात शिरला की लाइन जायची. तो बाहेर आला की नाही हे मला काही भागांच्या बाबतीत आजतागायत माहीत नाही.

थॉमसची आमच्याकडे एक वेगळीच गंमत होती. सोनाळ्यात रेल्वे नाही. रेल्वे बघायची तर शेगावला जायचं, गजानन महाराजांचं दर्शन आणि मग स्टेशन. थॉमससारखी छोटी गाडी मात्र विदर्भात खरोखरची होती. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी नॅरोगेज 'शकुंतला'. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं आणि ते १९९४ पर्यंत धावलं. म्हणजे थॉमसचा सख्खा चुलत भाऊ इथे कापूस ओढत होता आणि आम्ही तो टीव्हीत शोधत होतो! आता मेळघाटचं जंगल वाचवायला अकोला-खंडवा रेल्वेचा नवा मार्ग हिवरखेड, सोनाळा, जामोद असा बाहेरून आखलाय. गाडी येईल तेव्हा येईल.

पण घरादाराने एकत्र बसून पाहिला असा एकच, मिस्टर बीन. कारण सोपं आहे, तो बोलतच नाही. माझ्या आजीला हिंदीही फारसं कळायचं नाही, इंग्रजीचं तर नावच नको. बाकीची कार्टूनं लागली की ती उठून जायची. बीन लागला की सुपातलं धान्य तसंच ठेवून बसायची. पहिल्यांदा तिने विचारलं होतं, "हा बोलत काहून नाही रे? मुका हाय का?" नंतर मात्र तीच आम्हाला हाक मारायची, "पोट्टेहो, या लवकर, तुमचा येडा लागला!" हिरव्या गाडीला दाराबाहेर कडी-कुलूप लावणारा माणूस तिला एकदम ओळखीचा वाटायचा. खळ्यावरच्या खोलीला आपण तसंच लावतो, म्हणायची.

ज्या बीनने आपल्याला इतकी वर्षं धरून ठेवलं त्याच्या मूळ मालिकेचे भाग आहेत फक्त १५. नव्वद साली १ जानेवारीला सुरू झाली, पंच्याण्णवमध्ये संपली. कार्टून बीन नंतरचा, २००२ चा. रोवन अ‍ॅटकिन्सन हा मूळचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, ऑक्सफर्डमधून मास्टर्स केलेला, हे इंजिनिअरिंगला बॅकलॉग असलेल्यांनी घरी जरूर सांगावं. पहिल्याच भागातली परीक्षा आठवते ना? तयारी त्रिकोणमितीची, समोर पेपर कॅल्क्युलसचा. सगळा वेळ शेजाऱ्याचं बघण्यात जातो आणि शेवटी कळतं की पाकिटात त्रिकोणमितीचाही पेपर होता. यावर सोनाळ्यातली पोरं आणि लंडनमधली पोरं एकाच जागी हसली असणार.

बाकीचे मात्र बोलायचे, आणि बोलायचे हिंदी. आमच्या केबलवर काही कार्टूनं तमिळ-तेलुगूतही लागायची, मराठीत नाही. त्याचा परिणाम अंगणात दिसायचा. विटीदांडू, लगोरी वऱ्हाडीतच चालायची. पण बॉब-बॉब खेळायला लागलो की सगळ्यांची भाषा बदलायची. "चलो, दीवार बनाते हैं," वगैरे. घरी हिंदीचा एक शब्द न बोलणारी पोरं! मग कुणाचा तरी डाव फिस्कटला की एका क्षणात परत मूळ भाषेवर, "जाय, मले नाही खेळाचं तुह्यासंग." भांडण आपल्या भाषेत आणि कल्पना दुसऱ्याच्या, असं काहीतरी झालं होतं आमचं. मला त्याची तक्रार नाही, हिंदी फुकटात आली. पण तेव्हा मनात एक पक्कं बसलं, की हिरो लोक मराठी बोलत नाहीत.

हे नेहमी असंच होतं का? माझा मोठा चुलत भाऊ माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याच्या आठवणी वेगळ्याच. रविवारचा मोगली, तो तर विचारूच नका. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने इंग्रजीत लिहिलेली गोष्ट, कार्टून जपान्यांनी बनवलेलं, गाणं गुलजारांचं आणि जंगल शिवनीचं, म्हणजे आमच्याच सातपुड्याच्या रांगेतलं. दादाची खात्री होती की मोगली अंबाबरव्यात राहतो. पण तो आणखी एक नाव घेतो, बालचित्रवाणी. सकाळी सह्याद्रीवर लागायची. कागदाच्या वस्तू, छोटे प्रयोग, गोष्टी, आणि सगळं मराठीत.

मी शोधायला बसले. बालचित्रवाणी ही पुण्यातली राज्य सरकारची संस्था, १९८४ ची. इन्सॅट उपग्रहामुळे खेड्यापाड्यांत टीव्ही पोचणार होता, तर त्यावर शाळेच्या मुलांसाठी त्यांच्या भाषेत कार्यक्रम हवेत, म्हणून सहा राज्यांत अशा संस्था काढल्या. महाराष्ट्राची ही. बीबीसीने मुलांसाठी जे केलं ते लोकांच्या लायसन्स फीच्या पैशातून. आपल्याकडेही तोच विचार होता, लोकांच्या पैशातून लोकांच्या मुलांसाठी. फरक पुढे पडला. बीबीसीचा 'ब्लू पीटर' १९५८ ला सुरू झाला आणि अजून चालू आहे. बालचित्रवाणीचा निधी आटत गेला आणि २०१७ मध्ये सरकारने ती बंद केली. त्या वर्षी मी नववीत होते, पेपरमध्ये ती बातमी वाचल्याचंही आठवत नाही. आमच्या पिढीतलं कुणी हळहळलं नसणार, कारण आम्ही तिला ओळखतच नव्हतो.

बीबीसीही काही सोवळी नाही हं. साठ-सत्तरच्या दशकात टेप महाग होत्या, म्हणून जुन्या टेपवरचं पुसून त्यावर नवीन रेकॉर्ड करायचे. 'डॉक्टर हू' या मुलांच्या लाडक्या मालिकेचे नव्वदहून जास्त भाग त्यात गेले. पण पुढचं ऐका. त्यांचा आवाज मात्र शिल्लक आहे, कारण तेव्हाच्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो घरी भरून घेतला होता. आणि २०१३ मध्ये हरवलेले नऊ भाग सापडल्याचं जाहीर झालं, कुठे, तर नायजेरियातल्या एका टीव्ही केंद्रावर. 'ब्लू पीटर' वाचला तो बिडी बॅक्स्टर या संपादक बाईंच्या हट्टामुळे. टेप पुसू द्यायच्या नाहीत, यावर त्या ठाम राहिल्या.

आपल्याकडे 'गोट्या' आठवणारे लोक भेटतात. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकांवरची, राजदत्त यांची ती मालिका. शीर्षकगीत ऐकलं की चाळिशीतले काका लोक मध्येच बोलायचे थांबतात. तिचं नशीब बरं. मुंबई दूरदर्शनचं 'किलबिल' नुसतं नावाने आठवणारे आहेत. बालचित्रवाणीचं काय? दादाला तिचे चारच भाग नीट आठवतात, त्यातले दोन एकमेकांत मिसळलेत हे त्याला स्वतःलाही माहीत आहे.

माझे एक काका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते सांगतात, शाळेला टीव्ही मिळाला होता. लाकडी पेटीत, कुलूप लावून, हेडमास्तरांच्या खोलीत. लाइन असेल आणि किल्ली सापडेल त्या दिवशी पोरं ओळीने बसायची. पुढे टीव्ही बिघडला, पेटीत खडू आणि हजेरीपट ठेवायला लागले. मी विचारलं, त्यावेळी कुणी कॅसेटवर काही भरून ठेवलं असेल का हो? ते म्हणाले, एखाद्या हौशी गुरुजीने ठेवलं असेलही, कपाटं कोण उघडून बघतं.

तर, तुमचे आई-बाबा, आजी-आजोबा, मामा-मावशी यांच्यात कुणी शिक्षक असेल तर दिवाळीच्या साफसफाईत ती जुनी व्हिडिओ कॅसेट लगेच भंगारात देऊ नका. लेबल वाचा. आणि 'बालचित्रवाणी' असं काही दिसलं, तर पुरवणीच्या पत्त्यावर माझ्या नावाने कळवा.