मित्र ताऱ्याचा ग्रह अजून उमेदवारच का?

मे महिन्याच्या मध्यावर, रात्री पावणेबाराच्या सुमारास, शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या मोकळ्या माळावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिलो, तर क्षितिजापासून जेमतेम दहा अंशांवर एक ठळक पिवळसर तारा दिसतो. हात ताणून मूठ धरली की तिच्या रुंदीइतकी ही उंची. हा नरतुरंग तारकासमूहातला मित्र, म्हणजे अल्फा सेंटॉरी. त्याच्या एका ताऱ्याभोवती ग्रह असावा, अशी बातमी ऑगस्ट २०२५ मध्ये आली. ती कशाच्या आधारावर आली आणि अजून पक्की का नाही, हे आपण क्रमाने पाहू.

आधी तारा नीट ओळखू, कारण पहिली चूक इथेच होते. त्याच्या उजवीकडे, जवळजवळ त्याच उंचीवर, दुसरा एक तेजस्वी तारा आहे. तो मित्रक. आणखी उजवीकडे त्रिशंकूचे चार तारे पश्चिमेकडे कललेले दिसतात. या जोडीतला डावीकडचा, जास्त तेजस्वी, तो आपला. दक्षिणेला डोंगर जवळ असेल तर तारा त्याच्याआडच राहतो, म्हणून गोरखगड-सिद्धगडाच्या पायथ्याला राहणाऱ्यांनी थोडं मोकळ्यावर यावं. जूनमध्ये पाऊस आला की ही संधी गेली. रात्रभर आकाश पाहायची ज्यांची तयारी असेल, त्यांच्यासाठी शेजारच्या अंबरनाथ तालुक्यात वांगणीला खगोल मंडळाचे कार्यक्रम होतात.

डोळ्यांना एक दिसणारा हा तारा खरं तर तिघांचं कुटुंब आहे. अ आणि ब हे दोन तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. लहान दुर्बिणीतूनही ते वेगळे दिसतात. तिसरा, प्रॉक्झिमा, मंद आणि बराच लांब आहे. अ आणि ब आपल्यापासून सुमारे ४.४ प्रकाशवर्षं, म्हणजे ४१ लाख कोटी किलोमीटर दूर आहेत. प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाशाने एका वर्षात कापलेलं अंतर. प्रॉक्झिमाभोवती २०१६ मध्ये ग्रह सापडला आहे. आताची चर्चा आहे ती अ ताऱ्याची. तो जवळजवळ आपल्या सूर्यासारखाच आहे, म्हणूनच जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांचा जीव त्यात अडकला आहे.

ग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. हा उमेदवार, म्हणजे खात्री न झालेला ग्रह, ताऱ्यापेक्षा दहा हजार पटींहूनही मंद आहे, आणि त्याच्या अगदी लगत आहे. जेम्स वेब दुर्बीण त्यासाठी अवरक्त किरण वापरते. अवरक्त म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, उष्णतेचे किरण. थंड ग्रह दृश्य प्रकाशात ताऱ्यापुढे पार हरवतो, पण उष्णतेच्या या किरणांत दोघांमधली तफावत बरीच कमी होते.

पुढची पायरी ताऱ्याला झाकण्याची. रात्री मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेने चालताना समोरून ट्रक आला की आपण डोळ्यांपुढे हात आडवा धरतो, आणि मग कडेचा माणूस दिसतो. दुर्बिणीतल्या अशा आडोशाला कोरोनाग्राफ म्हणतात.

आडोसा लावूनही ताऱ्याचा उजेड कडेने सांडतोच, आणि ब ताऱ्याचा उजेड वर त्रास देतो. म्हणून मक्षिका तारकासमूहातल्या दुसऱ्याच एका ताऱ्याचं त्याच उपकरणाने चित्र घेतात आणि तो सांडलेला उजेड मूळ चित्रातून वजा करतात. मला ही पायरी सर्वांत नाजूक वाटते. वजाबाकी किंचित चुकली, तरी मागे खोटे ठिपके उरतात.

ऑगस्ट २०२४ च्या चित्रात वजाबाकीनंतर एक ठिपका उरला. पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब आहे, त्याच्या साधारण दुप्पट अंतरावर. त्याचा तो प्रकाश तिथून निघाला, तेव्हा आपल्याकडे टाळेबंदीचे दिवस होते.

आता उलटतपासणी. ठिपका उपकरणाचा दोष आहे का? कॅल्टेकचे अनिकेत संघी, नासाचे चार्ल्स बीचमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं; तसं असण्याची शक्यता कमी निघाली. मागचा एखादा दूरचा तारा किंवा मध्येच आलेला लघुग्रह? हेही बसलं नाही. मित्र आकाशात दरवर्षी जवळपास पावणेचार विकला सरकतो. (विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग.) मागे स्थिर असा तारा असता, तर पूर्वीच्या चित्रांत तो त्या जागी आढळायला हवा होता.

मग फेब्रुवारी आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा पाहिलं, आणि ठिपका दिसला नाही.

इथे वाचणारे दोन टोकांना जातात. कुणी म्हणतं ग्रह नव्हताच, कुणी म्हणतं सापडलाच आहे. दोन्ही घाई आहे. ग्रह फिरत असतो. ताऱ्याच्या फार जवळ गेला की आडोशामागे आणि झगमगाटात लपतो. शास्त्रज्ञांनी लाखो संभाव्य कक्षा संगणकावर फिरवून पाहिल्या. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या कक्षांमध्ये ग्रह त्या दोन्ही तारखांना न दिसण्याइतका जवळ आला होता. म्हणजे न दिसणं हा ग्रहाविरुद्धचा पुरावा ठरत नाही, आणि बाजूचाही नाही. ठिपका खरंच ग्रह असेल, तर तो शनीएवढ्या वस्तुमानाचा वायूचा गोळा असावा, तापमान उणे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास. पाय टेकवायला जमीन नाही.

चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने २०१९ मध्ये सुमारे शंभर तास याच ताऱ्याकडे पाहून एक ठिपका टिपला होता. दोन्ही ठिपके एकाच ग्रहाचे असू शकतात. पण त्या पहिल्या ठिपक्याबद्दलही खात्री झालेली नाही.

इतकी सावधगिरी कशासाठी? याच कुटुंबाने एकदा सगळ्यांना फसवलं आहे. २०१२ मध्ये ब ताऱ्याभोवती सव्वातीन दिवसांत फिरणारा ग्रह जाहीर झाला. तारा ग्रहाच्या ओढीने सेकंदाला अर्धा मीटर इतकाच डुलतो, असं मोजमाप सांगत होतं. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने तीच आकडेवारी तपासली. निरीक्षणं रोज होत नव्हती, मध्ये खंड पडत होते, आणि त्या खंडांच्या लयीतूनच सव्वातीन दिवसांचा आभास निर्माण झाला होता. मोजणाऱ्यांनी लबाडी केली नव्हती, आकडेही खरे होते. तरी ग्रह नव्हता.

उरली शेवटची पायरी, ती अजून पार पडायची आहे: ठिपका पुन्हा दिसणं, तोही हिशेबातल्या एखाद्या कक्षेवर, सांगितलेल्या तारखेला सांगितलेल्या जागी. असा दिसला तर कक्षा ठरेल आणि उमेदवाराचा ग्रह होईल. उरलेल्या कक्षांप्रमाणे ग्रह ताऱ्यापासून पुरेसा बाहेर असायलाच हवा, अशा वेळी पाहूनही काही हाती लागलं नाही, तर नाव मागे घ्यावं लागेल. वेब पुन्हा त्या दिशेला वळवता येईल, आणि चिलीत ३९ मीटर आरशाची दुर्बीण उभी राहते आहे.