आकडे तोंडपाठ, पण मोजता येईना? चित्रांच्या पुस्तकातून घरीच शिकवा गणित

अमरावती/अकोला : पोरगं एक ते शंभर धडाधड म्हणते. पाहुणे आले की मायबाप कौतुकानं म्हणायलाही लावतात. पण त्याच पोरासमोर चिंचोक्यांचा ढीग ठेवून ‘यातले सात मले दे’ म्हटलं की ते अडकते. कधी पाच देते, कधी मूठभर उचलून देते. असं पोरगं ढ नसते. त्याला आकड्यांची नावं पाठ झाली आहेत, पण सात म्हणजे नेमके किती हे अजून डोक्यात बसलेलं नाही. नावं पाठ असणं वेगळं आणि मोजता येणं वेगळं.

हा फरक बालवाडीत दिसत नाही, तिसरीत दिसतो. ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ २०२४ च्या अहवालानुसार देशात तिसरीतल्या फक्त ३३.७ टक्के मुलांना हातच्याची वजाबाकी जमली. म्हणजे तिघांपैकी एकाला. केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ ला ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलं ते यासाठीच. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला वाचता आणि साधं गणित करता यावं, असं त्याचं उद्दिष्ट आहे.

शाळा तिचं काम करेल, पण पाया घरात पडतो. इथं बरेच पालक म्हणतात, ‘आमालेच गणित येत नाही, पोराले काय शिकवू?’ त्यांच्यासाठी एक सोपा रस्ता आहे, चित्रांचं गोष्टीचं पुस्तक. त्यासाठी पालकाला पाढे यायची गरज नाही, आणि मोबाईल असेल तर पुस्तक विकत घ्यायचीही गरज नाही.

चित्रानं काय साधतं?

अंगणातली कोंबडीची पिल्लं मोजायला गेलं तर ती पळतात. चित्रातली पिल्लं जागेवर राहतात. पोरगं एकेका पिल्लावर बोट ठेवून मोजू शकते, चुकलं तर परत मोजू शकते.

यात दोन गोष्टी शिकायच्या असतात. पहिली, एका वस्तूला एकच आकडा. लहान पोरं एका पिल्लावर दोनदा बोट ठेवतात, नाहीतर एखादं सोडून देतात. दुसरी, शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळे मिळून तेवढे. हे तपासायला सोपं आहे. पोरानं ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ मोजलं की लगेच विचारा, ‘मंग किती हायेत?’ त्यानं ‘पाच’ म्हटलं तर समजलं. ते पुन्हा एकपासून मोजायला लागलं तर अजून समजायचं आहे. रागवू नका, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चित्रावर तेच करा.

आपल्याकडे घराघरात अंकलिपी असते. ती वाईट नाही. पण तिच्यात चारच्या पानावर चार आंबे एका ओळीत ठरलेलेच असतात. पोरगं मोजत नाही, पान ओळखते. गोष्टीच्या पुस्तकात वस्तू इकडेतिकडे पसरलेल्या असतात, काही झाडामागं लपलेल्या असतात. तिथं मोजावंच लागते.

हे नुसतं म्हणणं नाही

नेदरलँड्स या देशात १८ बालवाड्यांमधल्या ३८४ मुलांवर हा प्रयोग झाला. नऊ वर्गांत तीन महिने चित्रांची पुस्तकं वाचून दाखवली, बाकी नऊ वर्गांत नेहमीसारखं चालू ठेवलं. पुस्तकं ऐकलेल्या मुलांचं गणित जास्त सुधारलं. फरक मोठा नव्हता, थोडा होता, हेही सांगितलं पाहिजे. पुस्तक म्हणजे जादू नाही.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या शिकागोचा. तिथं पहिलीच्या ५८७ मुलांच्या घरी टॅबलेट दिले. काही घरांत मायबाप मुलांसोबत गणिताची छोटी गोष्ट वाचून त्यावर बोलत, काही घरांत नुसती वाचनाची गोष्ट. २०१५ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात निकाल छापून आला. आठवड्यातून एकदा जरी गणिताची गोष्ट झाली, तरी वर्षाच्या शेवटी मुलं पुढं गेलेली दिसली. आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो ज्यांच्या मायबापालाच गणिताची भीती होती त्या मुलांना.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवायची. टॅबलेट पोराच्या हाती देऊन मायबाप बाजूला झाले नव्हते. दोघं सोबत बसले होते. पोराच्या हाती मोबाईल देऊन स्वयंपाकाला लागलं तर त्यातून हे होणार नाही.

पुस्तकं कुठं मिळतात?

प्रथम बुक्स या संस्थेनं २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ ही वेबसाईट सुरू केली. तिथं मराठीतली चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात. भाषा मराठी निवडा आणि पातळी पहिली घ्या, म्हणजे एका पानावर एकदोन ओळींची सोपी पुस्तकं मिळतात. एकदा डाउनलोड केलं की रेंज नसली तरी चालते. बालभारतीची शाळेची पुस्तकंही त्यांच्या वेबसाईटवर फुकट आहेत. पहिली-दुसरीच्या पुस्तकांत चित्रं भरपूर असतात. छापील हवं असेल तर ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेली माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं चांगली आहेत.

पुस्तकावर ‘गणित’ लिहिलेलंच पाहिजे असं नाही. बाजाराची, शेताची, घराची कोणतीही गोष्ट चालते. चित्र मोठं आणि स्पष्ट असावं, एवढंच पाहा.

कसं वाचायचं?

पहिल्यांदा नुसती गोष्ट वाचा. मध्ये काही विचारू नका. गोष्टीची गोडी लागली नाही तर पोरगं पुस्तक पाहूनच पळेल.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी एका पानावर थांबा आणि एकदोनच प्रश्न विचारा. नुसतं ‘किती?’ विचारू नका. असे प्रश्न विचारून पाहा :

– ‘न मोजता सांग बरं, कोणत्या झाडावर जास्त पाखरं हायेत?’
– ‘दोन उडून गेली तं किती राहतीन?’
– ‘बैलाच्या मागं कोण हाये? पुढं कोण हाये?’
– ‘सगळ्यात उंच कोणतं? त्याच्यापेक्षा बुटकं कोणतं?’
– ‘तुले कसं समजलं?’

शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. उत्तर बरोबर असलं तरी तो विचारा. पोरगं कसा विचार करते हे त्यातूनच कळते. मागं-पुढं, आत-बाहेर, लांब-आखूड हेही गणितच आहे.

शून्यही चित्रातून समजते. जपानचे चित्रकार मित्सुमासा आनो यांचं १९७५ चं एक प्रसिद्ध आकड्यांचं पुस्तक एकपासून नाही, शून्यापासून सुरू होते. पहिल्या पानावर नुसतं बर्फ पडलेलं रिकामं रान आहे. पुढच्या पानांवर घरं, झाडं, माणसं वाढत जातात. आपल्याकडे रिकामा गोठा दाखवून विचारता येते, ‘इथं किती गाई?’

पंचवीस की बावन्न?

मराठी पोरांची एक वेगळी अडचण आहे. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी येते आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी आणि ५ नंतर. म्हणून पोरगं ऐकते पंचवीस आणि लिहिते ५२. ‘एकोणतीस’ तर आणखी अवघड. त्यात तीस ऐकू येते, पण लिहायचे २९.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं आणि राज्यभर वाद पेटला. पुस्तक तयार करणाऱ्या समितीच्या प्रमुख गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. बोलण्यातली आकड्यांची नावं बदलावी की नाही यावर मतं वेगळी असू शकतात, पण पोरांची अडचण खरी आहे.

त्यावर घरचा उपाय जुड्यांचा. तुराटीच्या बारीक काड्या तोडून दहा-दहाच्या जुड्या सुतळीनं बांधा. पंचवीस म्हणजे दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या. बावन्न म्हणजे पाच जुड्या आणि दोन सुट्या. मग वहीत त्याचं चित्र पोराकडूनच काढून घ्या आणि खाली आकडा लिहायला सांगा. पुढं हातच्याची वजाबाकी आली की तीच जुडी सोडायची. ५२ मधून ७ काढायचे, सुट्या दोनच आहेत, मग एक जुडी सोडा. आता सुट्या बारा झाल्या, त्यातल्या सात काढा. उरल्या चार जुड्या आणि पाच सुट्या, म्हणजे ४५. हातचा म्हणजे काय, हे चित्रासकट दिसते.

मेळघाटात भाषेचाही प्रश्न

धारणी, चिखलदऱ्याची अनेक पोरं घरी कोरकू बोलतात आणि शाळेत आल्यावर मराठी ऐकतात. त्यांना मोजता येत असते, पण मराठी नावं येत नाहीत, आणि आपण समजतो की गणितच येत नाही. चित्राला भाषा नसते. आधी कोरकूत मोजू द्या, मग त्याच चित्रावर मराठी नाव सांगा. स्टोरीवीव्हरवर कोरकूतली काही पुस्तकंही आहेत.

वावराचं पुस्तक घरीच बनवा

अंगणवाडीची कल्पना रुजवणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही काळ अमरावतीत राहत होत्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. महागड्या साहित्याऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तूंवर पोरांना शिकवायचं, हे त्यांचं सूत्र होतं. ते आजही लागू आहे.

जुन्या वहीची आठ पानं घ्या आणि पोरासोबत चित्रं काढा. चित्र वाकडंतिकडं आलं तरी चालते. पहिल्या पानावर पोळ्याचं तोरण आणि बैलजोड्या. एका जोडीत दोन बैल, तीन जोड्यांत किती? पाय किती? दुसऱ्या पानावर तिफण. एका फेरीत तीन काकरं पडतात, चार फेऱ्यांत किती? तिसऱ्यावर संत्र्याचं झाड, चौथ्यावर कापूस वेचणाऱ्या बाया आणि त्यांची गाठोडी. कोणतं गाठोडं जड दिसते? पाढ्यांची समज अशीच येते, पाठांतर त्यानंतर करा.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि तेव्हाच पेरणीची धांदल असते. रोज तास काढणं कुणालाही जमणार नाही. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा, एवढं पुरे. आजी-आजोबा, मोठी बहीण, कुणीही बसलं तरी चालते. वाचता येत नसेल तर चित्र पाहून गोष्ट सांगा.

महिना-दोन महिन्यांनी पाहा, पोरगं न सांगता मोजायला लागलं का, ‘जास्त-कमी’ बोलायला लागलं का. पहिलीत गेल्यावरही दहापर्यंत वस्तू मोजताना गोंधळ होत असेल तर अंगणवाडी ताईंशी किंवा गुरुजींशी बोला. तिसरीची वाट पाहू नका.