अधिवृक्क ग्रंथींची घाई
आठ वर्षांच्या आतल्या मुलीच्या जांघेत वा काखेत केस दिसू लागले आणि तिच्या घामाला मोठ्या माणसांच्या घामाचा दर्प येऊ लागला, की आई धास्तावते, आजी कुजबुजते आणि ‘पोरगी वयात आली’ असा निवाडा शेजारणींच्या साक्षीने घरातच होऊन जातो. बालविवाहाची चाल ज्या मराठवाड्यात कायद्याच्या धाकानेही पुरती मोडलेली नाही, त्या मराठवाड्यातल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यात अशा निवाड्याचे परिणाम दूरवर पोहोचू शकतात. आणि तो निवाडा पुष्कळदा साफ चुकीचा असतो, ही खरी विषादाची बाब आहे.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांच्या बाह्यभागातील सर्वांत आतला थर शैशवात जवळजवळ निद्रिस्त असतो आणि साधारण सहाव्या ते आठव्या वर्षाच्या सुमारास जागृत होऊन डीएचईए व डीएचईएएस ही सौम्य पुरुषी संप्रेरके स्रवू लागतो. ती मुलींतही स्रवतात, मुलांतही. केस, मुरुमे, तेलकट त्वचा आणि घामाचा दर्प हे त्यांचेच कर्तृत्व. खरे यौवन मात्र मेंदूच्या हुकमाने बीजकोशांत किंवा वृषणांत सुरू होते आणि मुलींत त्याची पहिली खूण सहसा स्तनांची वाढ ही असते. ही दोन खाती स्वतंत्र असून एकाच्या दप्तरातील नोंद दुसऱ्याच्या नावे घालणे वाजवी नव्हे. मुलीत आठ आणि मुलात नऊ वर्षांच्या आत ही लक्षणे दिसली, तर अधिवृक्क ग्रंथींनी घाई केली असे समजावे. मुलींत हे अधिक आढळते.

या घाईचा संबंध केवळ केसांशी असता, तर एवढा लेखनप्रपंच करण्याचे प्रयोजन नव्हते. बार्सिलोनातील लूर्देस इबान्येस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली असे दाखवले, की ज्या मुलींत असे केस लवकर आले, रक्तात इन्सुलिन अधिक आढळले आणि पुढे बीजकोशांतून पुरुषी संप्रेरके अधिक स्रवू लागली, त्यांचे जन्मवजन कमी होते. सर्वच देशांतील मुलांत हा दुवा तितकाच स्पष्ट दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे; परंतु कमी वजनाने जन्मून बालपणी झपाट्याने अंग धरणाऱ्या मुलांकडे विशेष लक्ष द्यावे, याला आधार मिळाला.

इथे पुण्याची आठवण अपरिहार्य आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व त्यांची अपत्ये यांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात आपली नवजात बालके इंग्लंडमधल्या बालकांहून वजनाने बरीच हलकी, स्नायूंनी कृश, आणि तरीही त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी राखून असलेली आढळली. मोठ्या माणसांतले उदाहरण घ्यायचे तर खुद्द याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही युडकिन यांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३, पण युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! तेव्हा मूल सडपातळ आहे म्हणून मधुमेहाची चिंता नाही, हा समज आपल्याकडे तरी टिकत नाही. इन्सुलिन अधिवृक्क ग्रंथींनाही चेतवते, असे मानण्यास जागा आहे; कृश देह, दडलेली चरबी आणि वाढते इन्सुलिन यांचा मेळ ज्या मुलुखात जन्मापासून जमतो, तिथे अवेळी आलेल्या केसांना निव्वळ त्वचेची बाब म्हणून सोडून देणे मला धोक्याचे वाटते.

मग करावे काय? प्रथम बालरोगतज्ज्ञाला दाखवावे. कारण क्वचित यामागे अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात विकार किंवा गाठ असते आणि त्यांचा इलाज वेगळा असतो. हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय ठरवतात व रक्तातील संप्रेरके मोजतात. असे काही न निघाल्यास औषध सहसा लागत नाही. उंची, वजन, कंबर, रक्तदाब यांची नियमित नोंद आणि पाळी सुरू झाल्यावर तिच्या नियमितपणाकडे लक्ष, एवढे पुरते. वजन वाढू नये म्हणून मुलाला उपाशी ठेवणे हा अत्याचार आहे. ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी, अंडे पोटभर द्यावे, आणि पाच-दहा रुपयांच्या पुड्यांतले तळलेले पदार्थ व गोड पेये, जी आता खेड्यातल्या टपरीवरही लटकतात, ती बंद करावीत. मैदानावर धावू द्यावे, मुलीला तर अगत्याने.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांना तपासतात. त्यांना किंवा आशाताईंना ही लक्षणे संकोच न करता सांगावीत. आणि वाचकहो, बाळाचे जन्मवजन ज्यावर लिहिलेले असते ते माता-बाल संरक्षण कार्ड लसी संपल्या म्हणून रद्दीत टाकू नका. मूल आठ वर्षांचे होऊन डॉक्टरांसमोर बसेल, तेव्हा ते सोबत न्या.